नॉक्स सेन्सर बदलूनही तोच कोड परत येतो : एसपीएन आणि एफएमआय नेमके कसे वाचावेत?

प्रश्न : घाटवाट

नमस्कार. माझ्याकडे बीएस-सहा मानकाचा एक दहा टायरी ट्रक आणि कामगारांची ने-आण करणारी एक जुनी बस आहे. ट्रक आठवड्यातून तीन वेळा कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी ओढत होती, म्हणून ड्रायव्हरने तो मनावर घेतला नाही. साधारण आठवडाभराने, माल भरलेला असताना, घाट चढताना गाडीचा जोर एकाएकी कमी झाला आणि दुसऱ्या गिअरच्या वर जाता येईना. धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाची टाकी तेव्हा अर्धी भरलेली होती आणि युरिया नेहमीच्याच पंपावरून घेतलेला होता.

गावातल्या इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावला. त्याच्या पडद्यावर जे आले ते मी कागदावर जसेच्या तसे उतरवून घेतले होते :

एसपीएन ३२१६, एफएमआय ९, संख्या ३७, चालू
एसपीएन ३२२६, एफएमआय ९, संख्या ३७, चालू
एसपीएन ५२४६, एफएमआय १६, चालू
एसपीएन १६८, एफएमआय १८, संख्या १, जुना

"नॉक्स सेन्सर गेला आहे," असे त्यांनी सांगितले (म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा सेन्सर) आणि सायलेन्सरच्या बाहेरच्या बाजूचा सेन्सर बदलला. त्याला वीस हजारांच्या वर खर्च आला. कोड पुसले, गाडी सुरू केली, दिवा गेला. पंधरा-वीस मिनिटे सर्व व्यवस्थित चालले आणि पाटणच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला. परत वाचले तेव्हा पहिले दोन कोड तसेच होते, फक्त दोन्हींच्या पुढे आता ४ हा आकडा होता. आता ते म्हणतात की आतल्या बाजूचा सेन्सरही बदलावा लागेल. मला तो खर्च करण्यापूर्वी हे आकडे काय सांगतात ते समजून घ्यायचे आहे.

जाता जाता बसचेही विचारतो. तिच्यात स्कॅनर असे आकडे दाखवतच नाही, पी ०११८ असे काहीतरी दाखवतो. पाण्याच्या तापमानाचा काटा तळाशीच पडून असतो. तिथेही सेन्सर नवा घातला आहे आणि कोड जात नाही. दोन्ही गाड्यांच्या कोडची भाषा वेगळी का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.


उत्तर : तारजोडणी

घाटवाट साहेब, आकडे जसेच्या तसे लिहून दिलेत त्याबद्दल आधी आभार. इथे बहुतेक जण "चेक लाइट लागते, काय करू" एवढेच विचारतात. आपल्या कागदावर जवळजवळ पूर्ण उत्तर आहे.

आपल्या इलेक्ट्रिशियनने एसपीएन वाचला आणि एफएमआय सोडून दिला, असे दिसते. ट्रकमधले संगणक एकमेकांशी ‘जे १९३९’ या, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या, मानकाप्रमाणे बोलतात आणि त्या मानकात प्रत्येक तक्रारीचे दोन मुख्य भाग असतात. तक्रार कोणत्या गोष्टीविषयी आहे ते एसपीएन सांगतो, आणि त्या गोष्टीचे काय बिघडलेले दिसले ते एफएमआय सांगतो. एसपीएनला वाक्यातला कर्ता म्हटले, तर एफएमआय हे क्रियापद आहे. नुसता कर्ता ऐकून आपल्या मनाने वाक्य पुरे केले की काय होते, त्याचा अनुभव आपण वीस हजार देऊन घेतला आहे. एफएमआय ० ते ३१ एवढेच असतात आणि त्यांतले रोजच्या कामाचे दहा-बाराच आहेत, म्हणून मी नव्या मुलांना आधी तेच पाठ करायला लावतो. एसपीएन हजारोंनी आहेत, ते यादीत शोधता येतात.

एक उदाहरण घेऊ. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. त्याच्यापुढे १ असेल, तर सेन्सर नीट काम करतो आहे आणि दाब खरोखरच धोक्याच्या खाली गेला आहे, असा अर्थ होतो. तिथल्या तिथे इंजिन बंद केले नाही तर बेअरिंग जातील. त्याच १०० च्या पुढे ३ किंवा ४ असेल, तर तक्रार विजेची आहे : ३ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा वर, ४ म्हणजे खाली. तिथे तार, कपलर किंवा सेन्सर तपासायचा असतो, आणि ऑइलचा दाब बहुधा ठीकच असतो. तो खरोखर ठीक आहे ना, हे मात्र दाब दाखवणाऱ्या साध्या घड्याळाने (गेजने) मोजून बघावे. कर्ता एकच, पण एका वाक्यात इंजिन बसते आणि दुसऱ्यात एक तार तुटलेली असते.

आता आपला कागद. ३२१६ म्हणजे उत्प्रेरकाच्या (सायलेन्सरमधल्या, नॉक्स कमी करणाऱ्या भागाच्या) आधीचा नॉक्स आणि ३२२६ म्हणजे नंतरचा. दोन्हींपुढे ९ आहे. ९ चा अर्थ "माहिती ठरलेल्या वेळेत येत नाही" असा होतो. संगणकाने सेन्सरचा आकडा चुकीचा आहे असे म्हटलेलेच नाही, आकडा पोहोचतच नाही एवढेच म्हटले आहे. नॉक्स सेन्सर हा साधा सेन्सर नसतो. त्याच्या तारेच्या शेवटी एक छोटी डबी असते, तिला स्वतःचा २४ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ (चॅसिसला जोडलेली ऋण तार) लागतो, आणि ती मोजलेली किंमत कॅन तारांवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जाळ्यावरून, संदेशाच्या रूपाने पाठवते. डबी बंद पडली की संदेश थांबतो आणि संगणक ९ लिहून ठेवतो.

पण माझे लक्ष गेले ते ३७ आणि ३७ कडे. ही संख्या म्हणजे ती तक्रार किती वेळा नव्याने उद्भवली याची नोंद. दोन वेगवेगळे सेन्सर आपापल्या कारणाने बिघडले असते, तर दोघांची संख्या तंतोतंत सारखी आली नसती. पुसल्यानंतर पुन्हा दोन्हींपुढे ४ आले, त्यातला एक सेन्सर तर कोरा करकरीत होता. म्हणजे ते दोघे दर वेळी एकदमच गप्प होतात. दोघांमध्ये जे सामाईक आहे तिथे दोष आहे : फ्यूज, पुरवठ्याची तार, अर्थ, किंवा दोघांकडे जाणारा कॅन तारांचा फाटा.

आणखी एक धागा आपणच दिला आहे, तो म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा. नॉक्स सेन्सरच्या टोकाला चिनीमातीसारखा भाग असतो आणि तो काम करण्यासाठी आतल्या हीटरने शेकडो अंशांपर्यंत तापवावा लागतो. सायलेन्सरमध्ये पाण्याचे थेंब असताना तो तापवला तर तडकतो, म्हणून एक्झॉस्ट पुरेसा गरम होऊन आतले पाणी उडून जाईपर्यंत संगणक हीटर सुरू करू देत नाही. तोपर्यंत डबी अगदी थोड्या विजेवर जागी असते आणि संदेश पाठवत राहते. हीटर सुरू झाला की ती एकदम कित्येक पटीने जास्त वीज ओढते. अर्थचा सांधा गंजलेला असेल किंवा तारेचे दोन-चारच धागे शाबूत असतील, तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळते, डबी बंद पडते आणि ९ ची नोंद होते. आपला दिवा गाडी गरम झाल्यावरच लागतो, यावरून माझा संशय कॅनपेक्षा पुरवठ्यावर, आणि त्यातही अर्थवर जास्त आहे.

हे तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. एका धाग्यावर लोंबकळणारी तारसुद्धा मल्टिमीटरला पूर्ण २४ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. एका नॉक्स सेन्सरचा कपलर काढा आणि किल्ली चालू ठेवून गाडीच्या बाजूच्या पुरवठा व अर्थ या दोन पिनांमध्ये हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॉटचा बल्ब जोडा. तो सुमारे तीन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर मी चूक आहे. मिणमिणला, तर तो पेटलेला असतानाच मीटरची एक तार अर्थच्या पिनेवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ खराब आहे. पुरवठ्याची बाजू अशीच बॅटरीच्या धन टोकाशी ताडून पाहा. पिनांमध्ये जाड टोक खुपसू नका. एकदा रुंदावलेली पीन पुढे वर्षभर छळते.

उरलेल्या दोन नोंदींपैकी १६८ म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज. ती जुनी आहे आणि एकदाच आलेली आहे, बहुधा कधीतरी थंड सकाळी बॅटरी दमलेली असताना स्टार्टर मारला त्या वेळची असेल. तिला सोडून द्या. ५२४६ मात्र समजून घ्या, कारण घाटातला जोर त्याने काढून घेतला. तो बिघाडाचा कोड नाही. प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा दुरुस्त करायला मालकाला भाग पाडण्यासाठी गाडी जी शिक्षा देते, तिची पायरी त्यात लिहिलेली असते. युरो सहाच्या ज्या नियमांवर आपले बीएस-सहा बेतलेले आहे, त्यांत अशी यंत्रणा तुटलेली राहिली तर इंजिन चालल्याच्या ३६ तासांनंतर टॉर्क २५ टक्क्यांनी कमी करण्याची आणि १०० तासांनंतर वेग २० किलोमीटरवर आणण्याची तरतूद आहे. आपल्या ड्रायव्हरने आठवडाभर दिवा पाहत गाडी चालवली, तेवढ्यात हे तास भरले असणार. मूळ दोष गेला की ५२४६ आपोआप जातो, त्याच्यासाठी वेगळे काही बदलायचे नसते.

बसविषयी : भाषा वेगळी असली तरी व्याकरण तेच आहे. पी ने सुरू होणारे कोड मोटारींच्या बाजूने आलेले आहेत आणि आपल्याकडच्या कित्येक ट्रक-बसही तेच दाखवतात. त्यांच्यात कर्ता आणि क्रियापद एकाच आकड्यात जोडलेले असतात. पी ०११७ म्हणजे पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे व्होल्टेज खाली, आणि पी ०११८ म्हणजे वर. जे १९३९ मध्ये हेच अनुक्रमे ११० पुढे ४ आणि ११० पुढे ३ असे आले असते. हा सेन्सर दोन तारांचा असतो, संगणक त्याला आतून ५ व्होल्ट देतो, आणि सेन्सर तापेल तसा त्याचा रोध कमी होऊन व्होल्टेज खाली येते. तार तुटली की व्होल्टेज ५ लाच चिकटून राहते, म्हणजे "वर". संगणकाला ते अतिथंड पाण्यासारखे दिसते आणि काटा तळाशी पडतो. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा. कोड ०११८ चा ०११७ झाला आणि काटा वर धावला, तर तारा व संगणक ठीक आहेत आणि दोष सेन्सरमध्ये आहे. काहीच बदलले नाही, तर तार वाटेत कुठेतरी तुटली आहे. नवा सेन्सर विकत घेण्याआधी करायची ही दोन मिनिटांची परीक्षा आहे.


उत्तर : डेपोतला

तारजोडणी यांनी लिहिलेले पटते, पण कॅनचा फाटा मी इतक्या सहज बाजूला ठेवणार नाही. मी अनेक वर्षे बसच्या वायरिंगवर काम करतो आहे आणि ९ हा एफएमआय मला निम्म्या वेळा कॅन तारांमुळेच आलेला दिसला आहे. विशेषतः बसमध्ये, जिथे मागोवा घेणारे जीपीएस यंत्र बसवणे एआयएस १४० मानकाने आले आहे, तिथे बसवणारा माणूस कधी कधी हाताला लागेल त्या तारेचे वरचे प्लास्टिक सोलून तिथेच पीळ देतो आणि वर टेप गुंडाळून निघून जातो. पावसाळ्यात त्या टेपखाली पाणी साचते. ट्रकलाही असे यंत्र नंतर बसवले असेल तर ती जोडणी आधी उघडून पाहावी.

कॅनची तपासणी बल्बपेक्षाही सोपी आहे. बॅटरी कट-ऑफ बंद करा आणि स्कॅनरच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांमधला रोध मोजा. मुख्य कॅन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवे. १२० आले तर एका टोकाचा रोधक सुटला आहे किंवा मुख्य तार मध्ये तुटली आहे, आणि शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आपल्या गाडीला नऊ पिनांऐवजी मोटारीसारखे सोळा पिनांचे सॉकेट असेल, तर हीच मोजणी ६ आणि १४ या पिनांवर करतात, पण त्या पिनांवर कोणते कॅन आणले आहे ते कंपनीप्रमाणे बदलते, तेव्हा आकृती पाहूनच निष्कर्ष काढा.

एक गोष्ट तारजोडणी यांच्या बाजूने जाते, तीही सांगतो. मुख्य कॅन बिघडले असते तर एवढ्या दोनच नोंदी दिसल्या नसत्या. ब्रेक, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड, सगळ्यांनी एकमेकांच्या नावाने ओरड केली असती आणि ६३९ हा खुद्द जाळ्याचा एसपीएनही बहुधा यादीत आला असता. त्यामुळे कॅन असलेच तर ते फक्त नॉक्स सेन्सरांकडे जाणाऱ्या फाट्यातले असेल.

स्कॅनर परत लावाल तेव्हा प्रत्येक कोडच्या शेजारी तक्रार करणाऱ्याचा पत्ताही लिहून घ्या. ० म्हणजे इंजिनचा संगणक, ३ गिअरबॉक्सचा, ११ ब्रेकचा. एकच एसपीएन दोन पत्त्यांवरून आला, तर दोष बहुधा वस्तूत किंवा तिच्या तारेत असतो. एकाच पत्त्यावरून आला, तर तक्रार करणाऱ्याच्याच बाजूने सुरुवात करावी लागते. स्वस्त स्कॅनर हा पत्ता दाखवत नाहीत, आणि म्हणूनच ते स्वस्त असतात. एसपीएन ५१६०९६ ते ५२४२८७ मधला दिसला, तर तो ज्या त्या कंपनीने स्वतःसाठी ठेवलेला असतो. इंटरनेटवर दुसऱ्या कंपनीच्या यादीत त्याचा अर्थ शोधू नये, हमखास फसगत होते.


उत्तर : मालवाहतूक

एवढा खटाटोप कशाला? माझ्या ओळखीच्या तिघांनी एम्युलेटरची डबी बसवली आहे. सेन्सर, युरिया, सगळ्याची कटकट मिटते.


उत्तर : तारजोडणी

मालवाहतूक यांना : ती डबी सेन्सर असल्याचे खोटे संदेश कॅनवर टाकते. कायद्याने तो गुन्हा आहे, हे एक झाले. दुसरे असे की ती लावलेली गाडी माझ्याकडे येते, तेव्हा तिचा एकही कोड खरा मानता येत नाही, आणि युरियाचा पंप महिनोन्‌महिने बंद राहिल्याने आत स्फटिक धरून तो कायमचा आवळलेला असतो. वीस हजारांचा सेन्सर वाचवून पंप आणि नोझल दोन्ही गमावलेले मालक मी पाहिले आहेत. घाटवाट यांच्या गाडीचा दोष बहुधा अर्थच्या एका बोल्टचा आहे, तो आधी शोधू द्या.

डेपोतला यांना : ६० ओहमची मोजणी आधी करावी, हे मान्य. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याने एक शंका कायमची मिटते.


उत्तर : घाटवाट

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, म्हणून काय निघाले ते सविस्तर कळवतो.

रविवारी गाडी उभी ठेवून आधी कॅन मोजले. नऊ पिनांचेच सॉकेट आहे, ६१ ओहम आले. जीपीएसची जोडणी डॅशबोर्डच्या मागे होती, ती फक्त पुरवठ्याच्या तारेवर होती आणि कोरडी होती. मग बाहेरच्या नॉक्स सेन्सरचा कपलर काढला. मीटरवर २५.१ व्होल्ट दिसले, आणि आमचे इलेक्ट्रिशियन माझ्याकडे पाहून हसले. बल्ब जोडला, तर तो निखाऱ्यासारखा नारिंगी पेटला आणि त्याच्या पुढे जाईना. बल्ब तसाच ठेवून अर्थची पीन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मोजले, ते साडेनऊ व्होल्ट निघाले. यानंतर ते हसले नाहीत.

तार हाताने धरून मागे मागे गेलो. दोन्ही सेन्सरांच्या काळ्या तारा युरियाच्या टाकीमागे, चॅसिसच्या आतल्या अंगाला एकाच बोल्टखाली आवळलेल्या होत्या. टाकीचे पट्टे सैल केल्याशिवाय तो बोल्ट दिसतही नव्हता. रिंगवर मोरचुदासारखा निळसर हिरवा थर आणि त्यावर युरियाची पांढरी खपली जमली होती. टाकी भरताना सांडणारा युरिया तिथेच ओघळत असणार. बोल्ट बोटाने फिरत होता. रिंग कापून नवी लावली, चॅसिस पॉलिश पेपरने चकचकीत घासून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडले. त्याच बल्बवर आता ०.१ व्होल्ट येतात.

कोड पुसून चिपळूणच्या दोन फेऱ्या झाल्या, दिवा लागला नाही. पहिल्या फेरीत पाटणच्या पुढे जाईपर्यंत ड्रायव्हर रस्त्यापेक्षा डॅशबोर्डकडेच जास्त पाहत होता, असे क्लीनर सांगतो. ५२४६ आमच्या स्कॅनरने लगेच पुसला गेला नाही, पण पहिल्या फेरीनंतर वाचले तेव्हा तो जुन्यांच्या यादीत गेलेला होता. तिसऱ्या फेरीला मी मुद्दाम काढून ठेवलेला जुना सेन्सर परत बसवून पाठवला. तोही नीट चालतो आहे. नवा आता खोक्यात पडून आहे, दुकानदार विजेची वस्तू परत घेत नाही.

बसच्या दोन पिना जोडून पाहिल्या, तर काटा हलला नाही आणि कोड ०११८ चाच राहिला. इंजिनवरून जाणारी वायरिंग ज्या पत्र्याच्या पट्टीने धरली आहे, त्या पट्टीच्या धारेवर घासून एक तार आतून तुटली होती. वरचे आवरण बाहेरून शाबूत दिसत होते, दोन बोटांत धरून वाकवल्यावरच ती जागा मऊ लागली. जोड देऊन तिथे रबरी नळी चढवली आहे. डेपोतला यांना एक विचारायचे राहिले : बसच्या ब्रेकच्या संगणकाचा पत्ता ११ असतो म्हणालात, तर एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागल्यावर तो कोडही याच सॉकेटमधून वाचता येतो, की त्याला वेगळे सॉकेट असते?


उत्तर : डेपोतला

बहुतेक गाड्यांत याच सॉकेटमधून येतो, फक्त स्कॅनरमध्ये इंजिनऐवजी ब्रेकचा विभाग निवडावा लागतो. जुन्या बसमध्ये एबीएसचा संगणक कॅनवर जोडलेलाच नसण्याची शक्यता असते. तशी असेल, तर डॅशबोर्डच्या आसपास एबीएसचे तपासणी बटण आहे का पाहा. ते थोडा वेळ दाबून सोडले की एबीएसचाच दिवा कोड मिचकावून दाखवतो. मिचकावण्याची पद्धत कंपनीप्रमाणे बदलते, तेव्हा मोजताना कोणीतरी शेजारी बसून लिहून घेणारे असू द्या.